टायरची हवा, मामाचा हिशोब आणि आमचा सेन्सर

प्रोजेक्टचे विषय दोन प्रकारचे असतात हे एव्हाना सगळ्यांना कळलेलं असेल. एक, सीनियर्सची जुनी फाईल शोधून तिचं पहिलं पान बदललेला विषय. दुसरा, ज्याचं नाव इतकं लांब असतं की व्हायवाला आलेले सर नाव वाचूनच दमतात. आमच्या ग्रुपनेही पहिल्या प्रकारातला एक विषय पक्का करून टाकला होता. पण त्याच मे महिन्यात माझ्या मामाच्या गाडीचा टायर फुटला आणि आमचा विषय बदलला.

मामाची छोटी मालवाहू पिकअप आहे. गोरेगावकडून धानाची पोती भरायची आणि गोंदियाच्या राईस मिलमध्ये टाकायची, हा त्याचा धंदा. त्या दिवशी दुपारी फुलचूर नाक्याच्या अलीकडे मागचा डावा टायर फुटला. गाडी भरलेली होती. एका बाजूला ओढली गेली आणि रस्त्याच्या कडेला नालीत कलंडली. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून थोडक्यात निभावलं. मामाच्या खांद्याचं हाड मोडलं, दोन महिने गाडी उभी राहिली आणि ऐन हंगामातली कमाई गेली.

मी भेटायला गेलो तेव्हा मामा खाटेवर पडून सांगत होता, "उन्हानं फुटला, बाबू. मे महिन्यात इथं डांबर वितळते, तर टायर काय टिकते? मी तर उन्हाळ्यात हवा पाच पाउंड कमीच ठेवतो. तरी फुटला. नशीब!"

आता तुम्ही म्हणाल, मामा बरोबरच बोलला. आपल्याकडे उन्हाळा लागला की टायरमधली हवा कमी करायची, हे घरोघरी सांगितलं जातं. मलाही ते पटलेलं होतं. पण हॉस्टेलवर परत आल्यावर एक प्रश्न डोक्यातून जाईना. हवा कमी ठेवूनही टायर फुटला, की हवा कमी ठेवली म्हणूनच फुटला?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्ही चौघांनी जे काही उभं केलं, ते वर्गातल्या बाकावर मावतं. दोन हजार रुपयांच्या आत होतं आणि कोणत्याही शाखेचा विद्यार्थी करू शकतो. ते कसं केलं, कुठे फसलो आणि शेवटी काय सापडलं, ते इथे सांगतो.

आधी थोडं भौतिकशास्त्र (आणि आमची फजिती)

बंद भांड्यातली हवा तापली की दाब वाढतो, हे अकरावीत शिकलो. आकारमान कायम असेल तर दाब तापमानाच्या प्रमाणात बदलतो. टायरचं आकारमान फारसं बदलत नाही, म्हणून हा नियम इथे चालतो.

आम्ही लगेच फळ्यावर हिशोब मांडला. डिसेंबरच्या पहाटे गोंदियात 10 अंश तापमान असताना 32 पाउंड हवा भरली. (पीएसआय म्हणजे चौरस इंचावर किती पाउंड, म्हणून पंक्चरवाले नुसतं ‘पाउंड’ म्हणतात, ते चुकीचं नाही.) मे महिन्यात तापमान 45 अंश झालं. 32 गुणिले 45 भागिले 10, म्हणजे 144 पाउंड! वर्गात शांतता पसरली. मामा बरोबर होता तर! एवढ्या दाबाला टायर राहीलच कसा?

मागच्या बाकावरून सर हसत पुढे आले आणि आमच्या दोन चुका दाखवल्या. तुम्हीही या चुका करू नका म्हणून सांगतो.

पहिली चूक तापमानाची. हा नियम सेल्सिअसला चालत नाही, केल्विनमध्येच चालतो. 10 अंश म्हणजे 283 केल्विन आणि 45 अंश म्हणजे 318 केल्विन. म्हणजे साडेचार पट नव्हे, जेमतेम बारा टक्के वाढ.

दुसरी चूक दाबाची. गेजवर दिसतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब. पंक्चर झालेल्या टायरवर गेज शून्य दाखवतो, पण आत हवा असतेच की! खरा दाब काढायचा तर गेजच्या आकड्यात वातावरणाचा दाब मिळवावा लागतो. समुद्रसपाटीला तो 14.7 पाउंड असतो. गोंदिया तीनेकशे मीटर उंचीवर असल्याने इथे किंचित कमी, पण हिशोबाला 14.7 धरला तरी चालतं.

आता नीट हिशोब करू. 32 अधिक 14.7 म्हणजे 46.7. त्याला 318 ने गुणून 283 ने भागलं की 52.5. त्यातून 14.7 वजा केले की 37.8 पाउंड. म्हणजे कडाक्याच्या थंडीत भरलेली हवा आपल्या भर उन्हाळ्यात सहा पाउंडांनी वाढते. कारच्या बऱ्याच टायरच्या बाजूवर कमाल दाब 44 किंवा 51 पाउंड असा छापलेला असतो आणि टायर फुटायचा दाब त्याच्याही कितीतरी वर असतो. तेव्हा धडधाकट टायर नुसत्या उन्हाने फुटेल हे गणितात बसत नाही.

हाच हिशोब उलटा करून पाहा. मे महिन्याच्या दुपारी 32 पाउंड भरले आणि मग जानेवारीपर्यंत टायरकडे पाहिलंच नाही, तर एक थेंबही हवा न गळता थंडीच्या पहाटे ती 26.9 वर येते. ढोबळ नियम लक्षात ठेवा : कारच्या टायरमध्ये दर 10 अंशांमागे दाब सुमारे दीड पाउंडाने बदलतो.

सामान काय लागलं

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एका जुन्या कारचं चाक पडलेलं होतं. तेच आमचं टायर. बाकी यादी अशी :

एक पितळी आट्यांचा दाब-सेन्सर, 0 ते 100 पाउंडांचा, 5 व्होल्टवर चालणारा. दाब शून्य असताना तो 0.5 व्होल्ट देतो आणि 100 पाउंडांना 4.5 व्होल्ट. एक आर्डुइनो उनो बोर्ड. टायरचं तापमान पाहायला एक वॉटरप्रूफ डिजिटल तापमान-सेन्सर. दोन ओळींचा एलसीडी, एक बझर, हिरवा आणि लाल एलईडी. व्हॉल्व्हला लावायची चावीची क्लिप, होजचा तुकडा, पितळी टी-जोड, टेफ्लॉन टेप आणि साबणाचं पाणी.

साबणाचं पाणी यादीत पाहून हसू नका. आमचे पहिले दोन दिवस फक्त गळती शोधण्यात गेले. प्रोग्राम बरोबर, वायरिंग बरोबर, तरी दाब आपला हळूहळू खाली. मग प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावलं. टी-जोडाच्या एका आट्यावर बारीक बुडबुडे दिसले. टेफ्लॉन टेप आम्ही उलट्या दिशेने गुंडाळली होती, त्यामुळे जोड आवळताना ती सुटत होती. टेप नेहमी आवळायच्या दिशेनेच गुंडाळायची. पुस्तकात हे लिहिलेलं नसतं, नळ बसवणाऱ्याला मात्र माहीत असतं.

सेन्सरची भाषा

सेन्सरच्या आत एक पातळ पडदा असतो. दाबाने तो वाकतो आणि त्यावरच्या रोधकांचा रोध बदलतो. व्हीटस्टन ब्रिज आठवतोय ना? प्रॅक्टिकलला गॅल्व्हानोमीटर हलवून कंटाळा आणलेला तोच! त्या ब्रिजचा इवलासा व्होल्टेज-फरक आतलं सर्किट मोठा करून बाहेर देतं.

100 पाउंडांना 4 व्होल्टचा पल्ला, म्हणजे एका पाउंडाला 40 मिलिव्होल्ट. आर्डुइनो 5 व्होल्टचे 1024 तुकडे करतो, म्हणजे एक तुकडा 4.9 मिलिव्होल्टचा. एका पाउंडाला साधारण आठ तुकडे मिळतात. आपल्या कामाला ते भरपूर आहेत. सूत्र सोपं आहे : व्होल्टेजमधून 0.5 वजा करा आणि 25 ने गुणा. 32 पाउंडांना 1.78 व्होल्ट यायला हवेत, म्हणजे आकडा 364 च्या आसपास.

इथे दोन गोष्टी समजून घेण्यासारख्या आहेत.

शून्य दाबाला शून्य व्होल्ट का नाहीत? कारण वायर तुटली तरीही शून्य व्होल्टच दिसतील. मग टायर बसला की वायर तुटली, हे कसं ओळखणार? म्हणून सेन्सर जिवंत असल्याची खूण म्हणून 0.5 व्होल्ट कायम देतो. कारखान्यात 0 ते 20 ऐवजी 4 ते 20 मिलिअँपिअरची पद्धत आहे, ती याच कारणाने. आम्ही प्रोग्राममध्ये लिहिलं की आकडा 80 च्या खाली गेला तर दाब दाखवायचाच नाही, ‘सेन्सर तपासा’ असं दाखवायचं.

दुसरी गोष्ट. यूएसबीतून दर वेळी बरोबर 5 व्होल्ट मिळत नाहीत, कधी 4.8 मिळतात. आम्ही मल्टीमीटर लावून घाबरलो. पण सेन्सर जे व्होल्टेज देतो ते त्याला मिळणाऱ्या पुरवठ्याच्या प्रमाणात असतं आणि आर्डुइनोही त्याच पुरवठ्याचे तुकडे करतो. दोघांची मोजपट्टी एकत्रच आखडते, म्हणून उत्तर बदलत नाही. अट एकच, दोघांना पुरवठा एकाच जागेवरून द्यायचा.

गच्चीवरून लोंबलेली नळी

आता खरा प्रश्न. आमचा एलसीडी 32 दाखवतो, पण ते 32 खरे कशावरून? आम्ही नाक्याच्या आसपासच्या तीन दुकानांत चाक घेऊन गेलो. आमच्या सिस्टिमवर 32 असताना एका गेजवर 29, दुसऱ्यावर 32 आणि तिसऱ्यावर 36! आता विश्वास कोणावर ठेवायचा? दुसरं दुकान आपल्याशी जुळलं म्हणून तेच खरं, असं म्हणणं म्हणजे शेजाऱ्याच्या उत्तराशी उत्तर जुळलं म्हणून गणित बरोबर समजणं.

मार्ग मॅडमनी सुचवला. पाणी खोटं बोलत नाही, म्हणाल्या. 10 मीटर उंच पाण्याचा स्तंभ तळाला 14.2 पाउंड दाब देतो. त्याला कोणत्याही कंपनीचं सर्टिफिकेट लागत नाही.

मग काय, पारदर्शक नळी आणली, गच्चीवरून सोडली आणि खाली सेन्सर जोडला. वरून पाणी ओतताना नळीत हवेचे बुडबुडे अडकतात, ते टिचक्या मारमारून काढावे लागले. सेन्सरजवळ थोडी हवा राहते, ती राहू द्या. फक्त उंची मोजताना जमिनीपासून नाही, खालच्या पाण्याच्या पातळीपासून वरच्या पातळीपर्यंत मोजायची. अर्धं कॉलेज खाली जमलं होतं. कोणाला वाटलं टाकी फुटली!

निकाल असा आला. नळी रिकामी असताना आमची सिस्टिम 0.9 दाखवत होती. 10 मीटर पाण्याला 15.0. फरक 14.1. म्हणजे सेन्सरचा चढ बरोबर आहे, फक्त सुरुवात 0.9 ने वर सरकलेली आहे. तेवढे वजा केले की झालं. आमची तपासणी 14 पाउंडांपर्यंतचीच होती, त्यापुढे सेन्सर सरळ रेषेतच चालतो असं आम्ही गृहीत धरलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण रिझोल्यूशन आणि अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे त्या दिवशी जेवढं कळलं तेवढं परीक्षेसाठी पाठ करूनही कळलं नव्हतं. एलसीडीवर दशांश चिन्हानंतर दोन आकडे दिसले म्हणून मोजमाप खरं होत नाही.

या दुरुस्तीनंतर पुन्हा पाहिलं, तर तिसऱ्या दुकानातला गेज जवळजवळ पाच पाउंड जास्त दाखवत होता. म्हणजे त्याच्या काट्यावर 32 दिसतात तेव्हा टायरमध्ये सत्तावीसच असतात. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण त्या बिचाऱ्यालाही हे माहीत नव्हतं. पण माझा मामा तिथेच हवा भरतो.

बझर कधी वाजवायचा?

अमेरिकेत 2000 साली फायरस्टोनचे लाखो टायर परत मागवावे लागले होते. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांना ते बसवलेले होते आणि टायरचा वरचा थर सुटून झालेल्या अपघातांत दोनशेहून जास्त माणसं गेली होती. टायर बदलून द्यायला सुरुवात झाली ती अॅरिझोना, टेक्सास, फ्लोरिडासारख्या उष्ण राज्यांपासून. त्या टायरमध्ये निर्मितीचेही दोष होते, पण कमी हवा, वजन आणि उष्णता या तिघांच्या युतीची चर्चा तेव्हापासून जगभर सुरू झाली. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि सप्टेंबर 2007 पासून प्रत्येक नव्या हलक्या वाहनात टायरचा दाब सांगणारी यंत्रणा सक्तीची झाली. दाब ठरलेल्या आकड्यापेक्षा 25 टक्के कमी झाला की दिवा लागलाच पाहिजे, असा तो नियम. युरोपात 2014 पासून सगळ्या नव्या गाड्यांना ही यंत्रणा लागते. आपल्याकडे 2020 मध्ये नियम बदलला. साडेतीन टनांपर्यंतच्या ज्या गाडीत ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचं किट आणि ही यंत्रणा आहे, तिला स्टेपनी नसली तरी चालते.

आम्ही तोच 25 टक्क्यांचा नियम घेतला. 32 चे 24. आकडा 299 च्या खाली गेला की बझर. पहिल्याच प्रयत्नात बझर वेड्यासारखा वाजू-थांबू लागला, कारण दाब नेमका 24 च्या आसपास होता आणि वाचन एका आकड्याने वरखाली होत होतं. मग तीन उपाय केले. सोळा वाचनांची सरासरी घ्यायची. सलग दहा सेकंद कमी राहिला तरच बझर वाजवायचा. आणि एकदा वाजला की 24 ला नाही, 25 च्या वर गेल्यावरच बंद करायचा.

शेवटी तापमान जोडलं. टायर तापलेला असताना दिसणारा दाब फसवा असतो, म्हणून वरच्याच सूत्राने तो ‘आत्ता टायर थंड असता तर किती दाखवला असता’ या आकड्यात बदलायचा. एलसीडीच्या पहिल्या ओळीत आत्ताचा दाब, दुसऱ्या ओळीत थंड दाब. ही दुसरी ओळच पुढे कामाला आली.

उन्हातलं चाक

एप्रिलच्या एका दिवशी चाक मैदानात ठेवलं. सकाळी सात वाजता टायर 26 अंश, दाब 32. दुपारी दोनला आतली हवा 47 अंशांपर्यंत तापली, दाब 35. सूत्राप्रमाणे 35.3 यायला हवा होता. दिवसभर ऊन खाऊन तीन पाउंड वाढ, बस्स. टायर हात लावू देत नव्हता, पण फुटण्याच्या जवळपासही नव्हता.

मग टायर फुटतो कशाने? एक तार घ्या आणि एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहा. ती जागा गरम होते आणि मग तार तुटते. टायरचंही तसंच आहे. चाक फिरताना जमिनीला टेकणारा भाग दर फेरीला चेपतो आणि पुन्हा सरळ होतो. रबराला चेपायला दिलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही, काही उष्णता होऊन आतच राहते. हवा कमी असेल तर चेपणं जास्त. वर पोती जास्त असतील तर आणखी जास्त. वेग वाढला की मिनिटाला चेपण्याचे फेरेही जास्त. उष्णता साठत जाते, रबर आणि आतल्या दोऱ्यांची पकड सुटते आणि एका क्षणी बाजूची भिंत फाटते. बाहेरचं ऊन यात भर घालतं, कारण टायरला थंड व्हायला जागा उरत नाही. पण आग लावते ती कमी हवाच.

आता मामाच्या पद्धतीत काय होतं ते पाहा. थंड असताना, 30 अंशांना, टायरमध्ये बरोबर 32 आहेत. गाडी पळाली, आतली हवा 55 अंशांवर गेली, दाब झाला 36. ही वाढ टायर बनवणाऱ्याने आधीच धरलेली असते, म्हणून तर तो आकडा ‘थंड टायरचा’ म्हणून देतो. पण मामा ढाब्यावर थांबतो, 36 पाहून म्हणतो हवा वाढली, आणि चार पाउंड सोडतो. रात्री टायर थंड झाल्यावर त्यात उरतात 28.4. दुसऱ्या दिवशी टायर जास्त चेपतो, जास्त तापतो, दाब पुन्हा वाढलेला दिसतो, मामा पुन्हा हवा सोडतो. आजार वाढवणारं औषध!

मामा पटला कसा

हे सगळं मी मामाला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "बाबू, तुमच्या कागदात गोंदियाचा मे महिना नसते." मी काही बोललो नाही. सिस्टिम घेऊन गेलो.

सकाळी गाडी रात्रभर उभी होती तेव्हा मागचे दोन्ही टायर मोजले. दाराच्या चौकटीवर कंपनीने लिहिलेल्या आकड्यापेक्षा उजवा 5 पाउंड कमी निघाला, डावा 12 पाउंड कमी. मामाने आदल्याच दिवशी हवा भरलेली होती आणि टॉमी मारून आवाजही ऐकला होता. दोन्ही टायरचा आवाज त्याला सारखाच वाटला होता. डाव्या व्हॉल्व्हवर थुंकी लावली तर बुडबुडा आला. पिन गळत होती.

गाडी रिकामी होती, म्हणून मामा हळू चालवत गोंदियात एक चक्कर मारून आला. परतल्यावर लॅबमधल्या इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही टायरच्या बाजूच्या भिंती पाहिल्या. ऊन दोघांना सारखं, रस्ता सारखा, गाडी तीच. डावा 9 अंशांनी जास्त तापलेला. मामाने थर्मामीटर माझ्या हातातून घेतला, स्वतः पुन्हा मोजलं. मग उजवीकडे गेला, तिथे मोजलं. पुन्हा डावीकडे आला. बराच वेळ काही बोलला नाही.

शेवटी म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी मीच..." आणि थांबला.

मी म्हटलं, मामा, तो टायर आता नाही, त्यामुळे खात्रीने कोणी सांगू शकत नाही. पण हिशोब असा दिसतो : गेज पाच पाउंड जास्त दाखवणारा, त्यातून उन्हाळा म्हणून तू पाच कमी केलेले, आणि वर भरपूर पोती. यात नशीब कुठे येतं?

मुंबई उच्च न्यायालयानेही 2023 मध्ये असंच मत दिलं आहे. 2010 साली पुण्याहून मुंबईला जाताना टायर फुटून झालेल्या अपघातात एका कर्त्या माणसाचा जीव गेला होता. विमा कंपनीचं म्हणणं होतं की टायर फुटणं ही दैवी आपत्ती आहे. न्यायालयाने ते मानलं नाही. टायर फुटण्यामागे जास्त वेग, कमी किंवा जास्त हवा, जुने टायर, तापमान अशी कारणं असतात, त्यांची तपासणी न करणं हा माणसाचा निष्काळजीपणा आहे, असं म्हणत भरपाई कायम ठेवली. आम्ही बाकावर मोजलं ते न्यायालयाने निकालात लिहिलं!

आमच्या सिस्टिमच्या मर्यादा

सर व्हायवाला विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. आमची सिस्टिम उभ्या चाकाची आहे. पळत्या चाकात वायर नेता येत नाही. गाड्यांमध्ये व्हॉल्व्हच्या मागे इवलासा सेन्सर बसवतात, त्यात बॅटरी असते आणि आपल्याकडे तो सहसा 433 मेगाहर्ट्झच्या रेडिओने दाब कळवतो. काही गाड्यांत सेन्सर नसतोच. हवा कमी झालेल्या चाकाची त्रिज्या किंचित घटते, म्हणून ते इतरांपेक्षा थोडं जास्त वेगाने फिरतं आणि एबीएसच्या सेन्सरवरून ते ओळखलं जातं. ही पद्धत स्वस्त आहे, पण चारही चाकांची हवा सारखीच कमी झाली तर साध्या यंत्रणेला फरकच दिसत नाही. तिसऱ्या दुकानातल्या गेजने चारही टायर भरले असतील तर नेमकं तेच होणार.

पुढच्या वर्षीच्या ज्युनियर्सना आमची विनंती आहे. हाच प्रोजेक्ट पुढे न्या, रेडिओ मॉड्यूल जोडा. फाईल देतो, पण फक्त पहिलं पान बदलू नका! आणि ज्यांना एवढं करायचं नाही त्यांनी निदान तीन गोष्टी करा : हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा, आकडा दाराच्या चौकटीवरचा घ्या, ऐकीव नाही, आणि तापलेल्या टायरची हवा कधीही सोडू नका.

मामाने आता स्वतःचा गेज घेतला आहे. घेतल्या दिवशीच तो आमच्याकडे आणला आणि म्हणाला, "बाबू, तुझ्या पाण्याच्या नळीवर हा तपासून दे."

गच्चीवरून नळी पुन्हा सोडली.